एकवीस मासे, चार खांदे

माझी धाकटी बहीण केशर कालव्याच्या पाटकऱ्याबरोबर निघून गेली ते साल 1941. दसरा होऊन चारच दिवस झाले होते. त्या वर्षाची आठवण निघाली की कुणी लढाईचं बोलतं, कुणी न पडलेल्या पावसाचं. आमच्या घरात मात्र अजून 'केशर गेली ते साल' असंच म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली करत नाहीत. आवाज खाली करायची सवय आमच्या आईनं कुणाला लागू दिली नाही.

केशरला तिच्या नवऱ्यानं टाकून तीन वर्षं झाली होती. तो नेवाशाकडे दुसरी बायको करून मजेत होता. त्याला जातीनं काही विचारलं नाही, कारण तो पुरुष होता आणि दर आखाडात पंचांना बोकड खाऊ घालत होता. केशर तीन वर्षं आमच्या दारात बसून जाळी विणत होती. मग तिला श्रीमंत भेटला. कालव्याची दारं वेळेवर उघडायची आणि वेळेवर मिटायची, हे त्याचं काम. नाव श्रीमंत, आणि जवळ सरकारची एक टोपी, एक कंदील आणि दारांच्या किल्ल्या. जातीनं तो आमच्यातला नव्हता. केशरनं जाताना आईला सांगितलं, मला सांगितलं, आणि अर्धं विणलेलं जाळं खुंटीला नीट टांगून मग ती गेली. पळून जाणं म्हणतात ते असं नसतं. पण जातीला एवढं बारीक दिसत नाही.

आम्ही भोई. आमचं गाव प्रवरेच्या काठी, ओझरच्या बंधाऱ्याच्या बरंच खाली. श्रीरामपूर तिथून पायी अडीच तास. आम्ही त्याला तेव्हा नुसतं ठेसन म्हणायचो. भोईवाड्यात आमचं धरून बावीस घरं होती. आमच्या वाडवडिलांनी साहेबांच्या आणि सरदारांच्या पालख्या वाहिल्या. पुढं साहेब मोटारीत बसायला लागले, आणि आमच्या खांद्यांना जातभाईंच्या तिरड्यांशिवाय काम उरलं नाही. पोट सगळं नदीवर.

केशर गेल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी लिंबाखाली जात बसली. मधोमध बन्सीतात्या. हा आमचा मुख्य पंच. अंगानं काटकुळा, पण मिशा दोन माणसांना पुरतील एवढ्या. त्यानं आमचं घर वाळीत टाकलं. आम्हाला विस्तव द्यायचा नाही, आमच्याशी बोलायचं नाही, नदीवर आम्हाला मासे धरायची पाळी नाही, आणि आमच्या घरातल्या मढ्याला खांदा नाही.

पहिल्या तीन गोष्टींना आई हसली. आईचं नाव झुंबरबाई. ती म्हणाली, "इस्तू आपल्या चुलीत हाय. बोलून त्यांनी आजवर काय उजेड पाडला? अन् पाळी घेऊन करायचं काय, नदीत पानी हाय कुठं?"

चौथ्या गोष्टीला ती हसली नाही.

त्याला कारण लंकाबाई. ही आमच्याच वाड्यातली विधवा. तिलाही जातीनं वाळीत टाकलं होतं. कशासाठी, ते पुढं कुणाला आठवतही नव्हतं. ती मेली तेव्हा खांदा द्यायला कुणी गेलं नाही. तिच्या भाच्यानं तिला शेणखताच्या बैलगाडीत घालून नदीवर नेलं. गाडी आखूड, लंकाबाई उंच. तिचे पाय गाडीच्या मागं लोंबत होते, आणि चाक खडकावरून गेलं की ते पाय नाचायचे. सगळा भोईवाडा दारात उभा राहून बघत होता.

"मी बी हसले," आई सांगायची. "तोंडाला पदर लावून हसले. पुंजा, मी बी उंच हाय."

ती खरंच उंच होती. आणि त्या हिवाळ्यात तिला दम लागला होता. चार पावलं चालली की भिंत धरायची आणि भिंतीला शिव्या द्यायची.

पाऊस त्या साली नावाला पडला. जो पडला तो वर भंडारदऱ्याच्या धरणात जाऊन बसला, तिथून बंधाऱ्यावर आला आणि कालव्यात वळला. ऊसवाल्यांचं बरं चाललं होतं. आमच्या वाट्याला दिवाळीनंतर खडक आले. नदीत आमचे सात डोह होते. मार्गशीर्षात तीन आटले, पौषात आणखी तीन. राहिला एक म्हसोबाचा डोह, तोही कमरेएवढा. काठावर म्हसोबा बसलेला. त्याला नैवेद्याला मासळी लागायची. त्या साली त्याला बाजरीच्या भाकरीवर भागवावं लागलं आणि तो काही कोपला नाही. दगडाला परिस्थिती कळत होती, पंचांना कळत नव्हती.

बगळेसुद्धा नदी सोडून उसात बेडूक धरायला गेले. आमचे लोक मात्र रोज जाळी खांद्यावर टाकून नदीवर जायचे आणि मूठभर झिंगे घेऊन यायचे. बायका त्या झिंग्यांत इतकं तिखट घालायच्या की झिंगा होता की नव्हता, ते कुणाला कळू नये.

खरी गंमत अशी की मासे होते. कालव्यात होते. वरून पाणी कालव्यात वळलं तसे मासेही वळले. ते काही जात विचारून पोहत नाहीत. पण कालवा नवा झाला आणि नदी पहिल्यांदा रोडावली तेव्हा बन्सीतात्याच्या बापानं सगळ्या भोईवाड्याला शपथ घातली होती, की कालव्यात जाळं टाकेल तो भोई नव्हे. म्हणजे सरकारनं आमचं पाणी नेलं, आणि त्याचा राग म्हणून आम्ही उपाशी राहायचं ठरवलं. ही अक्कल आमच्यात पूर्वीपासून आहे.

माघ लागला आणि आईचं अन्न तुटलं. एका सकाळी ती मला म्हणाली, "माझं मरन मी बघीन. खांद्याचं तू बघ."

त्या दिवशी लिंबाखाली जात बसली होती. मी पाच हात लांब उभा राहिलो.

"तात्या, आईचं काय खरं न्हाई. दंड सांगा, आन् आमाला घ्या."

बन्सीतात्यानं माझ्याकडं बघितलं नाही. त्यानं लिंबाकडं तोंड केलं. बोलायची बंदी माणसाशी होती, झाडाशी नव्हती.

"लिंबा," तो म्हणाला, "पुंजारामाला सांग, घरटी एक मासा. त्याचं सोडून एकवीस घरं, एकवीस मासं. ईतभर तरी पायजेत."

"तात्या, नदीत झिंगा घावंना."

"लिंबा, त्याला सांग, ते आमाला ठावं हाय."

"मग?"

"त्याला सांग, मासळी नदीचीच पायजे. कालव्याची चालायची न्हाई. कालव्यानं आमची नदी नेली, आन् याची बहीन नेली. जाळ्यावर हात ठेवून जातीपुढं म्हनायचं, मासळी नदीची हाय आन् माझ्या पाळीतली हाय."

"मला पाळी कुठं हाय?"

तात्यानं मिशी कुरवाळली. "लिंबा, त्याला एक पाळी दिली. येता मंगळवार. म्हसोबाचा डोह."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. त्या डोहात तीन आठवड्यांत कुणाला बोटाएवढा मासा मिळाला नव्हता. तात्यानं मला एक दिवसाचं पाणी दिलं होतं. मासे माझे मी आणायचे होते.

ते वाक्य मी घरी जसंच्या तसं सांगितलं, आणि माझ्या बायकोनं, रतननं, ते तसंच घेतलं. "मग आना की," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती सरपणाला म्हणून बाहेर पडली ती थेट केशरच्या चौकीवर. कालवा आमच्या गावापासून दीड कोस. परत आली तेव्हा सरपण नव्हतं, बातमी होती. सोमवारी श्रीमंत कालव्याची दारं टाकणार होता. पाणी बंद झालं की दारांखालच्या खड्ड्यात सगळी मासळी अडकते. तिथं जाळं लागत नाही, हात आणि पाटी पुरते.

"म्हंजे जुनी शपत बी मोडत न्हाई," रतन म्हणाली. "शपत जाळ्याची हाय. हाताची कुनी घेतली न्हाई."

"आन् नवी?" मी म्हटलं. "नदीची हाय म्हनायचं हाय मला."

आई अंथरुणातून म्हणाली, "मग नदीत सोडू. आन् नदीतनं काढू. मग कुनाची झाली?"

"अशी लगीच नदीची हुती व्हय, आत्याबाई?"

"लगीच न्हाई. एक रात ऱ्हाऊ दे पान्यात. तू या घरात आलीस, एका रातीत आमची झालीस का न्हाई?"

"मी दोन म्हैनं रडत हुते."

"रडत हुतीस. पर आमचीच हुतीस."

मी म्हटलं, "आये, एवढं कशाला? हात ठेवतो जाळ्यावर आन् म्हनतो नदीची. कोन बघतंय?"

"देवाचं मला भ्या न्हाई," आई म्हणाली. "त्यानं कधी माझं काय केलं न्हाई, मी त्याचं करत न्हाई. पर बन्सी जलमभर उकरत बसंल. खरंच सोड, आन् खरंच काढ."

सोमवारी मी कावड घेतली, तिला रॉकेलचे दोन रिकामे डबे अडकवले आणि चौकीवर गेलो. दिवस मावळायच्या आधी श्रीमंतनं दारं टाकली. पाणी उतरलं तसा खड्डा खदखदायला लागला. माणूस भला होता, पण मासा धरायची त्याला अक्कल नव्हती. मरळ दिसली की तो टोपी सावरायचा आणि तोवर मरळ जायची. धरली ती केशरनं. लुगडं खोचून ती गुडघाभर चिखलात उतरली आणि बोलता बोलता हात घालत गेली.

"आये कशी हाय?"

"शिव्या देतीय."

"मग बरी हाय."

"बरी न्हाई, केशर."

एक मोठी वाम तिच्या हातातून सुटली, ती तिनं पुन्हा धरली. त्या ओढाताणीत वामीची अर्धी शेपटी दगडावर तुटली. आम्ही नीट मोजून घेतले. चौदा मरळ, सहा शिंगाडे, एक वाम. मरळ आणि शिंगाडा चिवट जात; थोड्या पाण्यातही दिवसभर तग धरतात. वाम त्यांच्यापेक्षा चिवट, ती नुसत्या चिखलावर जगते.

मंगळवारी कोंबडं आरवलं तसे निघालो. माझ्या कावडीला दोन डबे, श्रीमंतच्या कावडीला दोन. अर्ध्या वाटेपर्यंत तो आला. तिथून पुढं त्यानं येणं बरं नव्हतं, म्हणून मी दोन खेपा केल्या. वाटेत बन्सीतात्याची बायको भागूबाई म्हशीला घेऊन चालली होती. माझ्या डब्यांतून पाणी हिंदकळत होतं. भागूबाई थांबली आणि म्हशीला म्हणाली, "बघ बया, नदीवर पानी घेऊन चाललाय. याचं डोस्कं बी आटलं वाटतं."

मी म्हशीकडं बघून मान हलवली आणि पुढं गेलो.

उन्हं वर आली तोवर एकवीसही मासे डोहात होते. मी म्हसोबाला म्हटलं, लक्ष असू द्या, आणि घरी आलो. राखणीला बसलो नाही. गरज नव्हती. आमच्यात पाळी उगवतीला लागते ती दुसऱ्या उगवतीला सुटते, बापजाद्यांपासून तसंच चालत आलं आहे. एकाच्या पाळीत दुसरा डोहाला पाय लावत नाही. मंगळवार माझा होता, म्हणजे बुधवारचा सूर्य दिसेपर्यंत डोह माझा. रात्र पाण्यात काढायची आणि पहाटे ओढायचे, असं आईचं गणित.

बुधवारी तांबडं फुटायच्या आत मी जाळं घेऊन डोहावर गेलो. काठावर बन्सीतात्या उकिडवा बसला होता. डोहाच्या तोंडाला त्याचं आडवं जाळं लावलेलं. पुढ्यात पाटी, आणि पाटीत माझे मासे. सगळे.

"तात्या," मी म्हटलं, "पाळी माझी हाय."

"तुझी पाळी काल दिवेलागनीला सुटली," तात्या म्हणाला. "आता एकच डोह ऱ्हायला. रातीचा कुनीतरी चोरून ओढत हुता, म्हनून पुसात जातीनं ठरावलं, पाळी दिवेलागनीला लागायची आन् दिवेलागनीला सुटायची. कालच्या दिवेलागनीपास्नं माझी."

"मला कुनी सांगितलं न्हाई."

"तुला कोन सांगनार? तू वाळीत. तुझ्याशी जो बोलंल त्यो बी वाळीत."

"मग आता कोन बोलतंय?"

तात्यानं जीभ चावली. त्यानं इकडंतिकडं बघितलं. लिंब तिथून लांब होता. शेवटी तो म्हसोबाकडं वळला आणि म्हणाला, "देवा, त्याला सांग, मी तुझ्याशी बोलत हुतो." मग पाटी डोक्यावर घेऊन निघाला. जाताना मिशांच्या खाली हसत होता. तीन आठवड्यांत ज्या डोहानं कुणाला काही दिलं नाही, त्यानं मुख्य पंचाला एकवीस मासे दिले होते. हे आपल्या पुण्याईनं झालं यात त्याला काडीची शंका नव्हती.

मासे माझे म्हणावं तर ते आले कुठून, हे सांगावं लागणार. कालव्याचे म्हटलं की दंड गेला, आणि दंड गेला की आईचे खांदे गेले. मी रिकामं जाळं घेऊन घरी आलो आणि आईच्या पायाशी बसलो. सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ही शिव्या देईल. तिनं एवढंच विचारलं, "मासळीचं त्यानं काय केलं?"

ते रतननं बघून आणलं. बन्सीतात्या दारोदार फिरत होता. घरटी एक मासा वाटत होता. एकवीस घरं, त्याचं धरून. एक साल वाईट गेलं की लोक पंचांना विचारेनासे होतात, हे त्याला माहीत होतं. मिशांवर पंचकी किती दिवस टिकणार. प्रत्येक दारात तो म्हणत होता, म्हसोबानं दिलंय, मी काय एकटा खानार.

मी उठलो. "जातो आन् लिंबाखाली सांगतो, मासं माझं हायेत."

"खाली बस," आई म्हणाली.

"आये, शिजवत्यात ते."

"शिजवू दे."

"खात्याल."

"मग? खाऊ दे की. पोटात जाऊ दे."

दुपारभर सगळ्या भोईवाड्यावर कालवणाचा वास होता. कांदा भाजल्याचा, मग तिखटाचा, मग मरळीचा. रतन चुलीपुढं तोंड फिरवून बसली होती. आमच्या चुलीवर आंबील होती. आई उशाला टेकून वास घेत होती आणि कोणत्या घरात मीठ जास्त पडलंय ते सांगत होती. उन्हं कलली, भांडी घासल्याचे आवाज यायला लागले, पुरुष लिंबाखाली येऊन ढेकर देत बसले. तेव्हा ती म्हणाली, "मला उचल."

आमच्या दारापासून लिंब शंभर पावलं. ती चार वेळा थांबली. मी एका बाजूनं, रतन दुसऱ्या बाजूनं. लिंबापाशी पोचल्यावर तिनं आमचे हात झटकले आणि बुंध्याला टेकून खाली बसली. वाळीतल्या माणसानं लिंबाखाली यायचं नव्हतं. पण तिला उठ म्हणायचं तर तिच्याशी बोलावं लागलं असतं. सगळे नुसते बघत राहिले.

दम खाऊन झाल्यावर तिनं बुंध्यावर हात ठेवला.

"लिंबा, तुझ्या जातीनं आज काय खाल्लं सांगू का? चौदा मरळ, सा शिंगाडं आन् एक वाम. वामीची शेपटी आर्धी तुटल्याली. ती बन्सीनं सोताला ठेवली आसंल. त्याला पयल्यापास्नं वाम लागती."

भागूबाई आपल्या दारात उभी होती. ती कुणाकडं न बघता म्हणाली, "शेपटी तुटकीच हुती." तात्यानं तिच्याकडं असं बघितलं की ती आत गेली.

"लिंबा," तात्या म्हणाला, "हिला इचार, हिला कसं ठावं."

"त्याला सांग, काल सकाळी माझ्या लेकानं ती डोहात सोडली. केशरनं हातानं धरली, कालव्याच्या खड्ड्यातनं. आन् तिच्या दादल्यानं खांद्यावर वाहिली, आर्ध्या वाटंपातुर."

एका म्हाताऱ्यानं घशात बोट घालायची तयारी केली, पण महिन्याभरानं पोटात गेलेलं कालवण बाहेर काढायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं बोट परत घेतलं आणि धोतराला पुसलं.

मला तात्याच्या कपाळावरची शीर दिसत होती. मासळी कालव्याची म्हणावं तर एकवीस घरं बाटली, आणि पंचाचं घर सगळ्यांत आधी. मग वाळीत कुणी कुणाला टाकायचं? जात म्हणून उरलं असतं ते एकटं लिंबाचं झाड.

शेवटी तो म्हणाला, "लिंबा, मासळी नदीची हाय. माझ्या जाळ्यात नदीत घावली. रातभर नदीच्या पान्यात हुती."

"व्हय," आई म्हणाली. "त्याला सांग, मी बी तेच म्हनते. नदीचीच. आन् एकवीस घरांनी घरटी एक खाल्ली."

"पर पाळी माझी हुती."

"काढली तवा तुझी हुती. सोडली तवा मंगळवारची सकाळ हुती. तवा कुनाची हुती?" ती आता लिंबाला विसरली होती आणि सरळ त्याच्याकडं बघत होती. "दंड माझ्या लेकानं भरलाय, बन्सी. तू नुसता वाटायला फिरलास. आन् कालव्याची म्हनायची आसंल तर तसं म्हन. केशरला सांगावा धाडते, तुझ्यात एकवीस घरं आली म्हनून."

कुणीतरी हसलं. मग दुसरं कुणी. तात्या हसला नाही, पण त्यानं लिंबाकडंही बघितलं नाही. तो उठला, धोतर झटकलं, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडं तोंड करून म्हणाला, "पुंजा, इस्तू लागला तर घेऊन जात जा."

त्याच्या पलीकडं काही झालं नाही. ढोल नाही, गुळाचा खडा नाही. रतन त्याच संध्याकाळी भागूबाईकडून निखारा घेऊन आली. आमची चूल पेटलेलीच होती, तरी घेऊन आली.

खांदे मिळाले आणि आईला मरायची घाई राहिली नाही. फाल्गुनात ती उठून बसली. उन्हाळ्यात भाकरी थापायला लागली. पुढं चार वर्षं ती जगली, आणि त्यातलं एकही वर्ष तिनं बन्सीतात्याला सुखानं मासा खाऊ दिला नाही. तो दिसला की ती विचारायची, "कुनाचा हाय रं, नदीचा का कालव्याचा?" केशर सणाला यायला लागली. आधी पाठच्या दारानं, मग पुढच्या.

1946 साली पाऊस एवढा झाला की धरण भरून वाहिलं, बंधाऱ्यावरून पाणी पडलं आणि भाद्रपदात प्रवरा दोन्ही काठांना लागली. मासळी इतकी आली की बायका ओढ्यात पाट्या लावून धरत होत्या. त्या धांदलीत एका सकाळी आई गेली. सांगायला मी नदीवर पळालो. एकवीसच्या एकवीस घरांतली माणसं पाण्यात होती. जाळी भरलेली, टाकून येता येईना. बन्सीतात्या कमरेएवढ्या पाण्यातून ओरडला, "दुपारपातुर थांब की. झुंबरबाई काय पळून चाललीया?"

दुपारपर्यंत थांबलो. तात्या आला, हाताला खवले तसेच. आणखी एक जण आला. बाकीचे येतो येतो म्हणत होते. पाऊस पुन्हा धरला होता, आणि तिरडीला आम्ही तिघंच. चौथा कोपरा रिकामा. श्रीमंत केशरबरोबर आला होता आणि सरकारची टोपी हातात घेऊन वळचणीला उभा होता. मी तात्याकडं बघितलं. तात्यानं नदीकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं, मग श्रीमंतकडं.

"तुझा खांदा मोकळा हाय का?" तो म्हणाला. "मग बघत काय ऱ्हायलास. धर मागला."

आम्ही चौघांनी तिला नेली. वाटेत एकदाही खाली टेकवली नाही.

माझी आई झुंबरबाई 1946 च्या भाद्रपदात, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, सकाळी वारली.